सर्व्हर स्लो आहे, उद्या या

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधले शनिवार-रविवार ऑफिसच्या रिलीजनं खाल्ले, आणि जूनमधला एक गावाकडं गेला. आजचा विषय त्या गावाकडच्या दोन दिवसांतूनच निघालाय. आधीच सांगून ठेवतो, हे रागानं लिहिलेलं आहे आणि यात शेअर्ड मेमरी, पेज टेबल वगैरे मंडळी येणार आहेत. "आपला काय संबंध?" म्हणून पान बंद करू नका. तुम्ही ज्या रांगेत उभे राहता, ती कधीकधी याच मंडळींमुळं लागलेली असते.

तर झालं असं...

मामाजींचं गाव वर्धा जिल्ह्यातच, वर्ध्याहून बसनं तासाभरावर. मृग लागून चार दिवस झाले होते. पीककर्जासाठी बँकेनं बाकीच्या संस्थांचे नो ड्यूजचे दाखले मागितले होते, त्यातला एक तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेतून आणायचा होता. (नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, तुमच्याही तालुक्यात अशी एक असेलच.) मामाजी सोमवारी गेले. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर्व्हर स्लो आहे जी, उद्या या." मंगळवारी गेले, तेच. बुधवारी साडेतीनपर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि मग तेच. दाखला मिळाला शुक्रवारी. तोवर गुरुवारी रात्री चांगला दोन तास पाऊस पडून गेला होता, आणि पाऊस काही दाखल्यासाठी थांबत नाही. मामाजींनी कृषी केंद्रातून सोयाबीनच्या बॅगा उधारीवर उचलल्या, म्हणजे रोखीच्या भावापेक्षा चढ्या भावानं. एका साध्या कागदापायी चार दिवसांचे हेलपाटे, बसभाडं आणि वर हा फरक.

मी शनिवारी सकाळी पोचलो तेव्हा ते ओसरीवर बसून हे सगळं अगदी शांतपणे सांगत होते. माझंच डोकं तापलं. ते म्हणाले, "सर्व्हरच स्लो होता, तो पोट्टा तरी काय करन?"

मला खटकलं ते हे. पाऊस आला नाही, लाइन गेली, सर्व्हर स्लो आहे... तिन्ही वाक्यं आपण एकाच आवाजात बोलायला लागलोय. पावसाचं ठीक आहे. पण सर्व्हर कुणी तरी विकत घेतलेला असतो, त्यात कुणी तरी आकडे भरलेले असतात, आणि ते आकडे एका साध्या टेक्स्ट फाइलीत असतात. कुणालाही उघडून वाचता येतील असे. त्याला नैसर्गिक आपत्ती कशी म्हणायची?

माझा एक वर्गमित्र जिल्ह्यातल्या पाच-सहा संस्थांची कॉम्प्युटरची कामं पाहतो. त्याला फोन लावला. "काय करून राहिला बे घरी? ये दुपारी. तीच संस्था मी पाहतो. नवीन सर्व्हरचं कोटेशन आलं आहे साडेचार लाखाचं, येत्या मीटिंगमध्ये पास होते. त्याच्याआधी तू एकदा पाहून घे."

गेलो. दुपारचे दोन, काउंटर चालू, बाकावर माणसं. मशीन काही जुनाट नव्हती. आठ कोर, ३२ जीबी मेमरी, एसएसडी, दोन वर्षांपूर्वी घेतलेली. पोस्टग्रेसचा डेटाबेस ३८ जीबीचा. (त्यातला निम्मा भाग सभासदांचे स्कॅन केलेले फोटो आणि आधार-पॅनच्या प्रती. फोटो डेटाबेसच्या पोटात का कोंबतात हा वेगळ्या लेखाचा विषय, आज त्यात शिरत नाही.) असल्या मशीनवर दिवसाला काही शे व्यवहार म्हणजे खेळ व्हायला हवा. पण व्हीएमस्टॅट लावलं तर स्वॅपचे दोन्ही कॉलम सारखे हलत होते. मेमरीतलं डिस्कवर, डिस्कवरचं मेमरीत, अखंड.

मग सेटिंगची फाइल उघडली. शेअर्ड बफर्स २४ जीबी. वर्क मेम २५६ एमबी. मॅक्स कनेक्शन्स ३००. आणि सिसिटीएलच्या फाइलीत त्या दोन अजरामर ओळी: एसएचएममॅक्स ६८७१९४७६७३६, एसएचएमऑल ४२९४९६७२९६.

हे आकडे कुठून आले? मित्रानं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या पोराला फोन केला. तो प्रामाणिक निघाला. "सर, नेटवर होते. टाकल्यानं फास्ट होते म्हणून टाकले."

आता थोडं समजावून सांगतो, कारण पुढची भांडणं त्यावर आहेत. तहसीलचं जुनं रेकॉर्ड रूम डोळ्यांपुढं आणा. कपाटात कापडात बांधलेले बस्ते, ती झाली डिस्क. दरवेळी कपाटापर्यंत जायला नको म्हणून हॉलच्या मध्ये एक मोठं टेबल, त्यावर नेहमी लागणारे कागद काढून ठेवलेले. ते टेबल सगळ्या कारकुनांचं सामाईक. ती शेअर्ड मेमरी, पोस्टग्रेसच्या भाषेत शेअर्ड बफर्स. शिवाय प्रत्येक कारकुनाचं स्वतःचं छोटं टेबल, बेरीज-वजाबाकी आणि कागद लावायला. ते वर्क मेम. आणि हॉलची जागा ठरलेली: ३२ जीबी. भिंती सरकत नाहीत.

मधलं टेबल किती मोठं असावं? आमच्या त्या पोराचा हिशोब सरळ होता. मोठं तितकं चांगलं. हॉल ३२ चा, मग टेबल २४ चं. पण पोस्टग्रेसच्या शेजारी ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा फाइली आपल्या कॅशेत ठेवत असते, म्हणजे कपाटाशेजारी तिचा वेगळा शिपाई कागद हातात धरून उभाच असतो. टेबल इतकं मोठं केलं की शिपायाला उभं राहायला जागा उरत नाही. पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्ये हे एका छोट्या परिच्छेदात लिहिलंय: मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर मेमरीच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करा, ४० टक्क्यांच्या वर गेल्यानं काम जास्त चांगलं चालेल अशी शक्यता कमी. एवढंच. वाचायला एक मिनिट.

बरं, वर्क मेम २५६ एमबी म्हणजे प्रत्येक कारकुनाला एकच टेबल असंही नाही. एका क्वेरीत दोन सॉर्ट आणि एक हॅश असेल तर तेवढ्या टेबलांची परवानगी, हॅशला तर त्याहून मोठ्या. मूळची किंमत ४ एमबी असते ती उगाच नाही. ३०० कारकून, प्रत्येकाला पाव-पाव जीबीची दोन-तीन टेबलं मागायचा हक्क... हॉल कुठं आहे मग?

पण खरी गंमत पुढं आहे आणि ती त्या पोराला काय, मलाही नोकरीतली पहिली तीन वर्षं माहीत नव्हती. मधल्या टेबलावर कुठला कागद कुठं आहे याची वही प्रत्येक कारकून स्वतःची वेगळी ठेवतो. तिला म्हणतात पेज टेबल. मेमरीचं एक पान ४ केबीचं. २४ जीबी म्हणजे ६२,९१,४५६ पानं. प्रत्येक पानाची नोंद ८ बाइटची. म्हणजे एका कनेक्शननं सगळं टेबल हाताळलं तर त्याची एकट्याची वही ४८ एमबीची! त्या दुपारी १४० च्या आसपास कनेक्शन्स उघडी होती, कारण काउंटरवरचं सॉफ्टवेअर प्रत्येक खिडकीला एक नवीन जोडणी उघडून सकाळपासून तशीच ठेवतं. मेमइन्फोमध्ये पेज टेबल्सची ओळ पाहिली. चार जीबीच्या वर. चार जीबी, नुसत्या वह्या! तीनशेच्या तीनशे कारकुनांनी अख्खं टेबल हाताळलं असतं तर वह्याच १४ जीबीच्या झाल्या असत्या.

२४ टेबलाचे, ४ वह्यांचे, उरलेल्या चारात ऑपरेटिंग सिस्टिम, १४० प्रोसेस आणि रोजचे रिपोर्ट. मग लिनक्सनं काय करावं? त्यानं मधल्या टेबलावरचे कागद उचलून स्वॅपमध्ये नेले. म्हणजे डिस्कवर. डिस्कवर जावं लागू नये म्हणून जी मेमरी राखून ठेवली, तीच डिस्कवर जाऊन बसली. आणि मामाजी बाकावर.

यावर उपायही मॅन्युअलमध्येच आहे: ४ केबीऐवजी २ एमबीची मोठी पानं, ह्यूज पेजेस. मग ६२ लाखांच्या जागी १२,२८८ नोंदी. वही ९६ केबीची. इतका फरक, आणि त्यासाठी एक रुपया लागत नाही.

आता त्या दोन अजरामर ओळींबद्दल. त्या एकेकाळी खऱ्याच कामाच्या होत्या, हे कबूल करायला हवं. सिस्टिम फाइव्ह पद्धतीची शेअर्ड मेमरी मागितली की लिनक्सचं कर्नल एसएचएममॅक्सच्या मर्यादेपलीकडं एक बाइट देत नसे, आणि ती मर्यादा मूळची ३२ एमबी. शेअर्ड बफर्स वाढवले की पोस्टग्रेस सुरूच होत नसे. त्या काळी ज्यांनी ब्लॉगवर "ही ओळ टाका" म्हणून लिहिलं त्यांनी लोकांचं भलंच केलं. पण २०१३ साली आलेल्या पोस्टग्रेस ९.३ नं मुख्य मेमरी वेगळ्या मार्गानं घ्यायला सुरुवात केली, आणि २०१४ साली लिनक्स ३.१६ नं ती मूळ मर्यादाच इतकी वाढवली की ती नसल्यासारखीच झाली. म्हणजे पोस्टग्रेसपुरता विषय संपला. (ओरॅकलवाल्यांनो, तुमच्याकडं अजून हे पाहावं लागतं, माहीत आहे. कृपया मेल पाठवू नका :) )

मग २०२० नंतर घेतलेल्या मशीनवर या ओळी काय करतात? काही नाही. नुसत्या पडून आहेत. पहिल्या आकड्याचा अर्थ ६४ जीबी. दुसरा बाइटमध्ये नसतोच, पानांमध्ये असतो. चार केबीनं गुणलं की १६ टीबी येतात. ३२ जीबीच्या मशीनला १६ टीबीची परवानगी! जुन्या रेड हॅटच्या सोबत येणाऱ्या फाइलीत हेच आकडे असत, तिथून ते जगभर पसरले. कुणी गुणाकार केला नाही. आणि मुळात परवानगी म्हणजे खर्च नव्हे. मर्यादा वाढवल्यानं काहीही "फास्ट होत" नाही. बाजार समितीचं गेट रुंद केलं म्हणून कापसाचं उत्पन्न वाढतं का?

इथं माझा राग त्या पोरावर नाही. पगार किती असेल त्याचा. राग आपल्या जमातीवर आहे. बी.ई. करताना चार वर्षांत ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर असतो, त्यात पेजिंग असतं, आकृतीसकट आठ मार्काला असतं. मी स्वतः ती आकृती काढून मार्क घेतलेत. आणि तीच माणसं नोकरीत लागली की पेजिंग विसरून पहिल्या सापडलेल्या लिंकवरचा आकडा चिकटवतात. चाललं तर आपली हुशारी, नाही चाललं तर "हार्डवेअर कमी पडतंय". कोटेशन तयारच असतं.

बस्त्यांचा विषय निघालाच आहे तर वर्ध्याची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जी जिल्ह्यातल्याच बऱ्याच लोकांना माहीत नसते. केंद्र सरकारनं १९८८-८९ साली जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायची योजना सुरू केली तेव्हा प्रयोगासाठी देशभरातून फक्त आठ जिल्हे निवडले. रंगारेड्डी, सोनितपूर, सिंहभूम, गांधीनगर, मोरेना, मयूरभंज, डुंगरपूर आणि आपला वर्धा. महाराष्ट्रातून एकटा वर्धा! तेव्हा डॉसच्या मशीनवर प्रोग्रॅमला मिळायची मेमरी ६४० केबी. आज १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणी मोबाइलवर आली. म्हणजे जमिनीच्या कागदाचं काम मशीनवर नेण्याचा या जिल्ह्याचा अनुभव देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. तरी "सर्व्हर स्लो" हे शब्द ऐकून कुणी "का?" असं विचारत नाही.

आणि याच महसूल खात्याकडं एक अशी वस्तू आहे जी आम्हा आयटीवाल्यांनी हात जोडून उचलायला हवी होती. फेरफार. सातबाऱ्यावर कुणीही आपल्या मनानं आकडा बदलू शकत नाही. खरेदी असो, वारस असो, बँकेचा बोजा असो, आधी गाव नमुना सहामध्ये नोंद होते. काय बदललं, कोणत्या कागदावरून, कोणत्या तारखेला. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, आणि मगच सातबारा बदलतो, तोही फेरफाराच्या क्रमांकासकट. आजोबांच्या काळातला बदलही क्रमांकावरून शोधता येतो. या पद्धतीत लोक काय काय घोटाळे करतात ते मला शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळं चांगलं ठाऊक आहे. पण पद्धत आहे. चूक कुणाची ते निदान सापडतं.

आमच्या सर्व्हरच्या फाइलीत शेअर्ड बफर्स २४ जीबी हे कुणी लिहिलं? कधी? आधी किती होतं? कशावरून ठरवलं? बदलल्यावर काय मोजलं? शून्य. मूळ फाइलीची प्रतसुद्धा ठेवलेली नव्हती. पतसंस्थेचा शिपाई चहाच्या पन्नास रुपयांचं व्हाउचर लावतो, आणि ३२ जीबीतले २४ जीबी कुणी वाटून टाकले त्याची कुठं ओळ नाही. (वर्ध्याचा असल्यामुळं इथं गांधीजींच्या पै-पैच्या हिशोबाला मध्ये आणायचा मोह होतोय. टाळतो.)

मागच्या आठवड्यात हे ऑफिसात बोललो तर एक सिनियर म्हणाले, "अरे, आजकाल मेमरी स्वस्त आहे, इंजिनिअरचा वेळ महाग. नवीन मशीन घेऊन टाकायची." पुण्यात हे खरं असेल. तिथं साडेचार लाख म्हणजे सभासदांच्या ठेवींवर चालणाऱ्या संस्थेचे पैसे. आणि समजा घेतली मशीन, दुप्पट मेमरीची. टेबल दुप्पट, पानं दुप्पट, प्रत्येकाची वहीसुद्धा दुप्पट होते. मेमरी वाढवून चुकीचं प्रमाण बरोबर होत नाही.

दुसरा म्हणाला, "आता सगळं कंटेनरमध्ये असतं, हे कुणी हातानं करत नाही." असं? डॉकरच्या कंटेनरला शेअर्ड मेमरीची जागा न सांगता मिळते ६४ एमबी. मोठी पॅरलल क्वेरी आली की पोस्टग्रेस ओरडतं, "डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही". डिस्क तर निम्मी रिकामी असते! मी डोळ्यांनी पाहिलंय, लोकांनी या मेसेजवर नवीन डिस्क मागवली आहे. हातानं करायचं सुटत नाही हो, फक्त फाइलीचं नाव बदलतं.

असो. तर त्या शनिवार-रविवारी केलं काय? संस्थेच्या व्यवस्थापकांना विचारलं, त्यांनी हो म्हटलं. रविवारी बॅकअप घेतला, जुन्या फाइलींच्या प्रती तारीख टाकून ठेवल्या. शेअर्ड बफर्स ८ जीबी. वर्क मेम १६ एमबी. मॅक्स कनेक्शन्स १०० आणि मध्ये एक पूलर, म्हणजे काउंटरच्या खिडक्यांनी कितीही जोडण्या उघडल्या तरी आत मोजकेच कारकून. ह्यूज पेजेस ४,३०० राखून ठेवली, आणि ते सेटिंग "ट्राय" वरून "ऑन" केलं, कारण "ट्राय" मध्ये मोठी पानं मिळाली नाहीत तर पोस्टग्रेस मुकाट्यानं छोट्या पानांवर चालू होतं आणि महिनाभरानं आपल्याला कळतं. त्या दोन अजरामर ओळी काढून टाकल्या. प्रत्येक बदलावर एक ओळ: तारीख, जुनी किंमत, नवी किंमत, कारण, कुणी केलं. मित्र म्हणाला, "हे काय लिहून राहिला?" म्हटलं, फेरफार.

सोमवारी दुपारी त्याचा फोन. दाखल्याची स्क्रीन आधी ५० सेकंद घ्यायची, आता तीन. स्वॅपचे कॉलम शून्य. व्याजाचा एक रिपोर्ट मात्र तसाच रडत होता. पाहिलं तर त्याच्या टेबलवर इंडेक्सच नव्हता, त्याचा मेमरीशी काही संबंध नाही. तो पुढच्या रविवारी फोनवरून लावला. ८ जीबी हा आकडाही काही दगडावरची रेघ नाही. तीन महिन्यांनी मोजून कमी-जास्त करा असं त्याच फाइलीत लिहून आलोय.

मामाजींना सांगितलं, की पोट्ट्याचा दोष नव्हता आणि सर्व्हरचाही नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उधारीचा फरक कोण देईन?"

ता. क. – हे लिहून झाल्यावर टाकायच्या आधीच मित्राचा फोन आला. नवीन सर्व्हरचा ठराव आधीच छापून झाला होता म्हणून मीटिंगमध्ये पास झाला, आणि मशीन आलीसुद्धा. १२८ जीबी. बसवायला कंपनीनं त्याच पोराला पाठवलं. मी विचारलं, शेअर्ड बफर्स किती ठेवले? म्हणाला, "९६. जुन्या सीडीत पहिली फाइल होती नं त्याच्यापाशी, त्याच प्रमाणात वाढवले म्हणते." शुक्रवारच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. वेटिंग १४ आहे.